मोहनाताईंच्या कचेरीतला झोपाळा

बडोद्यातल्या कित्येक कुटुंबांचे भवितव्य माझ्या खांद्यावर आहे. खांदे मात्र मला नाहीत. चार कड्या आहेत, त्यांतली एक कुरकुरते. मित्रांनो, मी एक जुना सागवानी झोपाळा आहे. गुजराती मंडळी मला हिंचको म्हणतात. कोणत्याही नावाने मी सारखाच हलतो.

दांडिया बाजारातल्या एका सुताराने मला घडवले. मोहनाताईंच्या माहेरी माणसांनी माझ्यावर बसून भाज्या निवडल्या आणि शेजाऱ्यांची मापे काढली. पुढे ताईंनी बडोद्याच्याच अकोटा भागात संस्था काढली आणि मला तिथे टांगले. ज्यांचे आईवडील आजारी किंवा अडचणीत आहेत अशा मुलांना, घर सावरेपर्यंत, ही संस्था दुसऱ्या कुटुंबात ठेवते.

तपासणीला आलेले साहेब दचकले. "ऑफिसमां हिंचको?"

"बेसो तो खरा," ताई म्हणाल्या. साहेब बसले, ते जेवायच्या वेळीच उठले.

ताईंचे म्हणणे साधे. समोर बसवलेले मूल फरशीकडे बघते. शेजारी बसवलेले पाय हलवते.

आठ वर्षांचा ध्रुव मात्र पायही हलवेना. नंदेसरीच्या कारखान्यात काम करणारी त्याची आई, कांचन, रुग्णालयात होती. पाठीवरचे दप्तर न उतरवता तो माझ्या काठावर बसला. पाय अधांतरी. शेजारी त्याला सांभाळायला तयार झालेले विश्वंभर आणि रसिका. विश्वंभरने घरून पाठ करून आणलेले वाक्य म्हटले, "बेटा, आजपासून आम्हीच तुझे आईबाबा."

ध्रुवने उडी मारून थेट दार गाठले.

"विश्वंभरभाऊ," ताई म्हणाल्या, "आईची जागा भरलेली आहे. काकाची रिकामी आहे. बघा, जमतंय का."

थोड्या वेळाने दारातून आवाज आला, "काका, आई बरी झाली की मला तिच्याकडे परत द्याल?"

"मी स्वतः आणून सोडीन."

"शप्पथ?"

"शप्पथ."

ध्रुव आला आणि दप्तर काढून त्याने माझ्यावर ठेवले. चांगलेच जड होते.

दीड वर्षाने कांचन बरी होऊन आली. काकांनी शब्द पाळला. ध्रुवला मधे घेऊन कांचन आणि रसिका माझ्यावर बसल्या. दोघींचे डोळे भरलेले, आणि दोघी आपापल्या लयीत पाय मारत होत्या. मी भिंतीवर आपटायच्या बेतात आलो.

"अगं, एकीनंच पाय मारा गं!" ताई ओरडल्या.

"थांबा, मी मारतो," ध्रुव म्हणाला. त्याचे पाय आता जमिनीला टेकत होते. मी सरळ झुलू लागलो.

मित्रांनो, मुलांचे, आयांचे, काकांचे ताई बघतील. माझे मागणे एवढेच आहे: रविवारी कचेरी बंद असते म्हणून माझ्यावर ओली पायपुसणी वाळत घालू नका. फळी फुगते.