दोन जोड हातमोजे

कापडे गावच्या तुळसाच्या घरी मुंबईच्या अरविंद भावजींना विचारल्याशिवाय गाईचं दावंसुद्धा बदलत नसत. थोरले दीर ते, तुळसाचा नवरा गेल्यापासून त्यांचा शब्द म्हणजे घरचं हायकोर्ट. ते जे पाठवतील ते वापरायचं, नाक मुरडायचं नाही.

तिची लेक समीक्षा घाटात दरीत पडलेल्यांना दोरावरून वर काढणाऱ्या पथकातली. हिमाचलात पर्यटकांना स्कीइंग शिकवायची नोकरी तिला मिळत होती, फक्त तिथलं प्रशिक्षण पार पडायला हवं होतं. तिने पदरमोड करून हातमोज्यांचे दोन जोड आणले आणि आईला समजावलं. सपाट बर्फावर दिवसभर चालत जायचं तर पातळ, कारण हाताला घाम येतो. उतारावरून सुसाट यायचं तर जाड, पाणी न शिरणारे. हात ओला झाला की बोटं गोठलीच. तुळसाने ऐकलं, पण पटलं कुठे?

तेवढ्यात भावजींनी मोटारसायकलवाल्यांचे चामड्याचे हातमोजे पाठवले. एकच जोड पुरे, दोन-दोनचे नखरे कशाला, असं फोनवर बजावलंही. समीक्षाने ते बाजूला टाकले. भावजींना कळलं तर ते तिचं जाणंच मोडतील, ही तुळसाला धास्ती. म्हणून निघायच्या सकाळी तिने लेकीचे दोन्ही जोड बॅगेतून काढून ट्रंकेत कोंबले आणि बॅगेच्या तळाशी भावजींचे ठेवले. दिराचा मान राखायला बाईने पोरीचे हात पणाला लावले, आणि वर देवापुढे नारळही ठेवला!

समीक्षाने बॅग उघडली ती थेट बर्फातल्या वरच्या मुक्कामावर, तिथे दुसरे हातमोजे मिळण्यासारखे नव्हते. चालताना चामडं घामाने भिजलं, उतरताना गोठलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापावी लागली. नोकरीही गेली.

शिमग्याला भावजी आले आणि शेजाऱ्यांदेखत सुरू झाले. एवढे भारी हातमोजे दिले होते, पोरीनं घातलेच नसणार, हट्टी कार्टी. खरं काय ते तुळसाला ठाऊक होतं. ती पुरणपोळी वाढत राहिली.

"चूक माझीच, काका," समीक्षा आईकडे बघत म्हणाली. "घरातून निघताना बॅग पुन्हा तपासायला हवी होती."

"हेच तर मी सांगतोय," भावजी म्हणाले.

तुळसाने घास मोडून लेकीच्या तोंडाशी नेला. समीक्षाने तोंड फिरवलं आणि डाव्या हाताने, सांडत-लवंडत, आपली आपण जेवली.