बंड्याच्या गळ्यातला लाल पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला. एके काळी लालभडक होतो, आता रंग विचारू नका.

घाटकोपरच्या एका दुकानातून नितेशने मला घेतलं. लेकीच्या, मानसीच्या दहाव्या वाढदिवसाला त्याने पिल्लू आणलं होतं. त्याचं नाव बंड्या. "काय झकास दिसतोय ना!" म्हणत नितेशने माझं बक्कल घट्ट लावलं. फोटो काय, लाड काय, मी तर हरखूनच गेलो!

सहा महिन्यांत बंड्या दांडगा झाला. घरात नासधूस करतो म्हणून त्याला चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये बांधलं. मानसीला वाटायचं, पप्पा बघतात. पप्पांना वाटायचं, मानसी बघते. जेवण वेळेवर मिळायचं, पण त्याच्या मानेवरून कोणी हात फिरवला नाही. त्याची मान वाढत गेली आणि मी होतो तेवढाच राहिलो. केसांखाली मी त्याच्या कातडीत रुतत गेलो. तो आधी कण्हायचा, मग तेही थांबलं. मला माझीच किळस येत होती, पण करणार काय?

मग मजल्यावर घाण वास सुटला. सगळ्यांनी खापर फोडलं पुतळाबाईंवर. त्या कोळीण, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकायच्या.

"मावशी, तुमच्या पाटीने मजल्याची वाट लावली. उद्यापासून वर येऊ नका," नितेशने सुनावलं.

पुतळाबाईंनी पाटी खाली ठेवली. "जल्म गेला माजा मासळीत. ह्यो वास मासळीचा न्हाय रं." वासाच्या मागाने त्या बंड्यापाशी आल्या, मानेचे केस बाजूला केले आणि किंचाळल्या, "आये माजे! अरं, जिता कुत्रा सडतोय तुजा!"

दवाखान्यात डॉक्टरांनी मला कापून काढलं. माझ्याबरोबर त्याची कातडीही आली.

"पट्ट्याखाली दोन बोटं जातात का, एवढंच बघायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

"बंड्या बरा होईल ना?" मानसीने विचारलं. पण जखमेचं विष अंगभर पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी बंड्या गेला.

मित्रांनो, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, मी त्याच लायकीचा आहे. पण बक्कल सैल करायला मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. घरात मुकं जनावर असेल तर आत्ता उठा आणि त्याच्या पट्ट्याखाली बोटं घालून बघा.