सतरा नंबरचं झाड

संशोधन केंद्राच्या काचघरात तिला सगळे काटेताई म्हणत. तिचं काम एकच: रोज सकाळी संत्र्याची एकेक कुंडी उचलून वजनकाट्यावर ठेवायची आणि आकडा वहीत लिहायचा. प्रत्येक रोपात केंद्राच्या संशोधक मॅडमनी वेगळं नवं जनुक घातलं होतं, पाणी बंद होतं, आणि कोणतं रोप किती कमी पाण्यावर दिवस काढतं ते या वजनांवरून कळायचं. महिन्याभरात बाकीच्यांनी माना टाकल्या. सतरा नंबर मात्र हिरवंगार. कुंड्या कमी पडल्या म्हणून ते पहिल्यापासून मोठ्या टबात लावलेलं होतं.

इथेच माशी शिंकली. टब दोघांनी उचलायचा. कामावरचा जोडीदार सुट्टीवर गेला आणि काटेताईची कंबर धरली. दोन दिवस तिने अंदाजानेच लिहिलं, कालच्यापेक्षा थोडं कमी. कुणी विचारलं नाही. दोन दिवसांचे चार महिने झाले. आळसाला ओसरी दिली की तो हातपाय पसरणारच.

पुढे सतरा नंबरची कलमं विक्रीला आली. तिच्या धाकट्या भावाने वडिलांच्या हातची बाग मुळासकट काढली आणि तीनशे कलमं लावली. "आमच्या ताईने तोललेलं झाड आहे," असं तो भेटेल त्याला सांगायचा. पहिलं वर्ष त्याने पाणी दिलं. या उन्हाळ्यात, माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे, बंद केलं.

त्याच उन्हाळ्यात काचघराचं रंगकाम निघालं. आजवर पाणी न देता कौतुकाने जपलेला तो टब सरकवायला काटेताई गेली, तर टब हलेना. तिने वाकून खाली हात घातला. बुडाच्या भोकातून अंगठ्याएवढं मूळ निघून खडीत शिरलं होतं, आणि खडीखालून मोठ्या कूलरचं पाणी गटारात वाहत होतं. टब रोज उचलला असता, तर ते मूळ दोऱ्याएवढं असतानाच तुटलं असतं. म्हणजे सतरा नंबर आजवर त्याच पाण्यावर जगलं होतं.

सांगावं तर नोकरी जाणार, आणि भावाला तोंड कसं दाखवायचं? तिने छाटणीची कात्री आणली आणि मूळ कापून टाकलं. आता झाड खरंच तगलं, तर झाकली मूठ सव्वा लाखाची.

चौथ्या दिवशी झाड हिरवं होतं. सातव्या दिवशीही. त्याच दुपारी भावाचा फोन आला.

"ताई, टाकीत अजून पाणी आहे. एकदा देऊन टाकू का बागेला? ऊन फार आहे गं."

"पानं कशी आहेत?"

"एकानेही मान टाकलेली नाही."

तिने सतरा नंबरकडे पाहिलं. तेही ताठ उभं होतं. तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

"मग राहू दे. ते पाणी घराला ठेव."

बाराव्या दिवशी रंगारी म्हणाला, "बाई, हे झाड प्लास्टिकचं आहे का? हात लागला की पानं वाजतात."

काटेताईने खोडाची साल नखाने खरवडली. आत ओलं हिरवं दिसायला हवं होतं. दिसलं ते कोरडं, तपकिरी. खाली, वर, फांदीवर, सगळीकडे तेच. सतरा नंबरच्या जनुकाने पानांचं कोमेजणं तेवढं थांबवलं होतं. झाड मेलं तरी पानांनी ते कळू दिलं नाही.

तिने भावाला फोन लावला. "बागेत जा. एका झाडाची साल खरवड आणि आत कसं आहे ते सांग."

"अगं, पानं तर छान—"

"पानांकडे बघू नकोस."

ढेकळांवर पावलं वाजली. मग नखाचा आवाज आला.

"तपकिरी आहे. सुकं."

"पुढचं बघ."

"हेही." थोड्या वेळाने, "हेही, ताई."

दहा झाडं झाल्यावर तो थांबला.

"मी पाणी देऊ का विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"शंका होती," ती म्हणाली.

त्याने फोन ठेवला नाही. अकराव्या झाडाची साल खरवडल्याचा आवाज आला, मग बाराव्या.