अर्धवट गोळ्या

डॉक्टरांचं पेन रिपोर्टवरून खाली सरकत होतं. एकेका औषधापाशी थांबून ते म्हणत होते, "हे चालणार नाही. हेही नाही. जंतू कशालाच दाद देत नाहीत." मग त्यांनी वर पाहिलं. "कुत्रीला याआधी अँटिबायोटिक किती वेळा दिलंत?"

"तीनदा," तो म्हणाला.

"कोर्स पुरा केलात? खपल्या गेल्या तरी गोळ्या चालू ठेवायच्या असतात."

शेजारी बसलेल्या बायकोनं पिशवीचा बंद बोटाला करकचून गुंडाळला.

"मीच बंद केल्या," तो म्हणाला. "बरी दिसली, म्हटलं पुरे."

त्यानं त्या गोळ्यांना कधी हातही लावला नव्हता. नोकरीभर तो घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडला. पोटऱ्यांवर चार कुत्र्यांच्या दातांच्या खुणा होत्या. बायकोनं पिल्लू घरी आणलं तेव्हा, "हे पाचवं, माझ्या पाचवीलाच पुजलेलं," म्हणून त्यानं कपाळावर हात मारला होता. गोळ्या पावात दडवून तीच भरवायची. आठवड्यात पुळ्या सुकल्या की तिचा जीव कळवळायचा. "कशाला उगाच पोटात औषधं कोंबायची?" उरलेल्या गोळ्या डब्यात जायच्या. पुन्हा पुळ्या उठल्या की त्याच बाहेर यायच्या.

"एक इंजेक्शन लागू पडेल," डॉक्टर म्हणाले, "पण ते किडनीवर जातं, आणि हिची किडनी आधीच थकलीय. औषधी शाम्पूनं एक दिवसाआड आंघोळ घाला. फेस दहा मिनिटं राहू द्या. आराम पडेल. बरी होईल असं मात्र म्हणवत नाही."

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"चल गं. ऊन झालंय."

तिनं एकही आंघोळ चुकवली नाही. घड्याळ समोर ठेवून ती फेसात हात बुडवून बसायची. पाण्याचा आवाज आला की पलंगाखाली पळणारी कुत्री आता स्वतःहून मोरीत येऊन उभी राहायची. तिला एवढंच कळायचं, की दहा मिनिटं खाज थांबतेय. जखमा पाठीवरून पोटाकडे उतरल्या. दोन महिन्यांनी कुत्रीनं अन्न सोडलं, मग पाणी.

चादरीच्या झोळीतून दोघांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला कायमचं झोपवायची सुई भरली.

"डॉक्टर," बायको म्हणाली, "गोळ्या मी बंद केल्या होत्या. यांनी नाही."

डॉक्टर शीर शोधत होते. "पाय जरा सरळ धरता?"

तिनं पाय धरला. काम झाल्यावरही बराच वेळ तिनं तो सोडला नाही. शेवटी त्यानंच तिची बोटं एकेक करून सोडवली.

दवाखान्याला तीनच पायऱ्या होत्या. उतरताना त्यानं तिचा दंड धरला, आणि एरवी हात झटकणारी ती, त्याच्या आधारानं एकेक पायरी उतरली.