मगरीची पक्की बांधणी

बाई हातबाहुल्या शिवायच्या आणि ऑनलाइन विकायच्या. शिवणं हातचा मळ. खरी साडेसाती लेबलची. प्रिंटर मुलखाचा नाठाळ. कधी कागद गिळायचा, कधी बारकोड अर्धाच छापायचा. म्हणून ऑर्डर आली आणि प्रिंटर शुद्धीवर असला, की बाई बाहुलीचं वजन घालून आधी लेबल छापून मोकळ्या व्हायच्या.

मग बाहुली जायची नवरोबांकडे. ते पूर्वी स्वतःच्या दुकानात पुस्तकं बांधायचे. दुकान बंद झाल्यापासून मुक्यासारखे खिडकीशी बसून होते. पार्सलं सुरू झाली आणि गडी पुन्हा शीळ घालू लागला. पण हात पडला बांधणीचा. कापडाच्या मगरीलाही चार पदरी पुठ्ठा आणि कोपऱ्यांना कापड, ग्राहकाने करवतच शोधावी. वजन लेबलच्या दुप्पट भरायचं. पहिलं पार्सल त्यामुळेच परत आलं होतं.

हे नवऱ्याला सांगायची बाईंची छाती होईना. शीळ थांबली असती. त्या पोस्टात जाऊन कोपऱ्यातल्या टेबलावर खोकं उघडून तिथेच ठेवायच्या, मगर साध्या पाकिटात घालून लेबल डकवायच्या आणि घरी येऊन सांगायच्या, "सगळे विचारतात, कोणी बांधलं म्हणून."

एके दिवशी नवरोबा म्हणाले, "आज मीही येतो." बाईंनी खोकं तसंच उचललं.

काउंटरवरच्या कारकुनाने पार्सल काट्यावर ठेवलं आणि अगदी सहज विचारलं, "मावशी, आज पुठ्ठे काढले नाहीत का?"

धरणीने पोटात घ्यावं असं बाईंना झालं. नवरोबांची नजर काउंटरच्या आत गेली. शिक्के, गोंदाची बाटली, कारकुनाचा डबा, सगळं त्यांनीच बांधलेल्या खोक्यांत ऐटीत बसलं होतं. त्यांनी हात लांबवून एक कोपरा दाबून पाहिला.

"सुटला नाही अजून."

"काका, हत्ती बसला तरी सुटायचा नाही," कारकून म्हणाला आणि आजचं खोकंही ठेवून घेतलं. मगर पाकिटातून गेली.

रस्त्यात बाई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा खिडकीशी बसला असता. मला त्याचीच भीती वाटायची हो."

घराच्या पायऱ्यांपाशी नवरोबा थांबले. मग म्हणाले, "पुस्तकाच्या पाठीवर नाव बांधणी झाल्यावर घालतात. तू लेबल आधी छापतेस, मी बांधतो नंतर. वजन जुळायचं कसं? पहिलं पार्सल परत आलं तेव्हाच ओळखलं मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू रोज येऊन माझं कौतुक सांगायचीस," ते खाली बघत म्हणाले. "म्हटलं, चाललंय ते चालू दे."

घरात शिरताच त्यांनी सगळ्यात पातळ पुठ्ठा काढला आणि स्वयंपाकघरातला काटा शेजारी ठेवला. प्रिंटरने पुन्हा कागद गिळला. तो ओढून काढताना बाईंना मागून शीळ ऐकू आली.