डी ड्राइव्हमध्ये काय आहे

अनंतराव गेले त्या उन्हाळ्यात जायकवाडी धरणानं तळ गाठला होता, आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडं मजल्यांवर मजले चढवत सुटलं होतं. सिडकोतल्या त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा नळ यायचा. त्या दिवशी त्यांची लेक अश्लेषा बँकेत रजा टाकून ड्रम भरायची. धाकटा मिहिर पुण्यात, सॉफ्टवेअर कंपनीत. वडिलांच्या आजारपणात तो डॉक्टरांना फोनवर इंग्रजीतून खोदून खोदून प्रश्न विचारायचा, तेवढीच काय ती त्याची सेवा. सरण रचून झालं तेव्हा पोचला आणि राख सावडून निघूनही गेला.

आता तो वडिलांची खोली आवरायला आला होता. त्यांचा कॉम्प्युटर शहागंजातल्या कचरूला द्यायचा ठरला होता. जुनी मशीनं घ्यायची, झाडूनपुसून विकायची, हा कचरूचा धंदा. सकाळीच येऊन तो बजावून गेला होता, "डबा बरा हाय ताई, पण आतलं समदं साफ करून नवी विंडोज टाकून ठिवा. कुणाच्या घरातलं माझ्याकडं नको."

साफसफाईचं काम अर्थातच मिहिरनं घेतलं. बाकी कशाला हात लावायचा नव्हताच त्याला.

आपल्याकडं कॉम्प्युटर बसवून देणारा कुणीही असो, डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडतो आणि सांगून जातो की विंडोज सीमध्ये, ती बिघडली की सी उडवायचा. जिवाभावाचं सगळं डीमध्ये ठेवा, तिथं कुणी हात लावत नाही. अनंतराव जन्मभर कारकुनी केलेला माणूस. नियम म्हटला की पाळणारच. त्यांनी डीमध्ये मिहिरसाठी स्वतःचं बोलणं साठवलं होतं.

मिहिरला त्यांचे रोजचे फोन नकोसे झाले, तेव्हा त्यानं कॉम्प्युटरवर बसवायचा एक कॅमेरा आणून दिला होता. जे सांगायचं ते यासमोर बोलून ठेवा बाबा, मी आलो की निवांत बसून बघतो, असं म्हणाला आणि विसरला. म्हातारा विसरला नाही. पाण्याच्या दिवशी अश्लेषा घरी असायची. तिच्याकडून कॅमेरा सुरू करून घ्यायचा, इस्त्रीचा सदरा घालायचा आणि दार लोटून तासभर बोलायचं. ती ड्रमकडं पळायची. तिच्या वाट्याला काय, तर गोळी आण, पंखा लाव. आत लेकाशी गप्पा रंगल्यात आणि बाहेर आपण बादल्या उचलतोय, या विचारानं तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मिहिर दोन दिवाळ्यांना येऊन गेला. त्यानं एकही चित्रफीत उघडली नाही.

बाबांच्या बोलण्याबद्दल त्यानं आपणहून विचारलं तर सांगायचं, नाहीतर नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती दारात उभी राहिली.

मिहिरनं पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर दोन भाग दिसले.

"सी तर उडवतोच. डीमध्ये काय आहे गं ताई? बघू का आधी?"

"काही नाही. जुनी बिलं असतील. उडव."

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मग मिहिरनं आपलं ज्ञान पाजळलं. नुसतं पुसलेलं कुणीही परत काढू शकतं, म्हणून तो आधी डीवर शून्यं लिहून टाकणार होता. एकदा ते झालं की ब्रह्मदेवालाही काही सापडणार नाही. त्याला तासभर लागेल म्हणाला. अश्लेषाला ते फारच आवडलं.

तो तासभर ती समोर बसून राहिली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. थांब, एवढा एक शब्द पुरला असता. पण मिहिर बायपासजवळच्या फ्लॅटचे भाव कुणाला तरी फोनवर सांगत हसत होता, आणि प्रत्येक हसण्यागणिक तिचं मन घट्ट होत गेलं. तिनं त्याला चहासुद्धा करून दिला.

पट्टी भरली. नवी विंडोज चढायला लागली. मॉनिटरवरचा कॅमेरा काढता काढता मिहिर थबकला.

"हा मीच आणलेला ना? बाबा कधी बोलले का यावर?"

"दर पाण्याला बोलायचे. तीन वर्षं, तुझ्याशीच. आत्ता तू जे पुसलंस ना, ते तेच होतं."

त्याचा चेहरा उतरला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा जीव थंड झाला. तो ओरडेल, भांडेल, असं तिला वाटलं होतं. तो खुर्चीत बसला.

"मग त्यात सगळं तुझ्याबद्दलच असणार," तो म्हणाला. "फोनवरही दुसरा विषय नव्हता त्यांना. ताईनं असं केलं, ताई आहे म्हणून मी जिवंत आहे, तिला मात्र सांगू नको. ऐकून ऐकून वैतागलो होतो मी. म्हणून तर कॅमेरा आणला."

 त्या खोलीचं दार अश्लेषानं एकदाही ढकलून पाहिलं नव्हतं.

"आणखी काय म्हणायचे? सांग ना," तिनं विचारलं. "नीट आठवून सांग."

मिहिरनं डोळे मिटून खूप प्रयत्न केला. पण बाबा बोलत असताना तो फोन टेबलावर ठेवून मधूनमधून नुसता हं म्हणत असायचा.