लगाम नसलेली स्कूटर

मुलांनो, जरा डोळे मिटा. एक मोठं मैदान समोर आणा. मधोमध जुनी स्कूटर, भोवती सात बाया. कुणाला शहरातल्या दवाखान्यात कामाला जायचंय, कुणाला कॉलेजात. त्यांना स्कूटर शिकवणारी ताई गावातली पहिली पदवीधर. सोबत तिची नऊ वर्षांची धाकटी बहीण.

त्या दिवशी ताईला बघायला पाहुणे थेट मैदानावरच आले. मुलगा भला होता, ताईला आवडलाही होता. पण त्याच्या आईची एकच अट होती: लग्नानंतर ही शिकवणी बंद.

"का हो, मावशी?" धाकटीने विचारलं.

"तीस वर्षं घोडागाडी हाकलीय मी. घोडा निदान खड्डा बघून चालतो. हे आंधळं यंत्र. उद्या कुणाचे हातपाय मोडले तर बोल आमच्या घराला."

ताई म्हणाली, "एकदा बसून बघा, मग बंद करायला सांगा."

"बसते की. ज्याला दाणापाणी लागत नाही, त्याला काय भ्यायचं?"

ताईने स्कूटर सुरू करून दिली. ब्रेक दाखवायला हात पुढे केला, तोवर स्वारी निघालीसुद्धा. वेग जाणवताच मावशींनी जन्मभराच्या सवयीने दोन्ही मुठी मागे ओढल्या. घोडा असता तर थांबला असता. पण स्कूटरची उजवी मूठ मागे पिळली की ती आणखी पळते.

"हो, हो, थांब रे राजा," मावशी समजावत होत्या आणि राजा सुसाट. बाया चहूकडे पांगल्या. नवरा मुलगा एका चपलेनिशी आईमागे धावत होता.

"मुठी सोडा," ताई पळता पळता म्हणाली.

"लगाम सोडून कुणी थांबतं का गं?" मावशी पुढच्या फेरीला निघून गेल्या.

मग धाकटी ओरडली, "मावशी, घोडा दमलाय. त्याला आता चरायला सोडा."

हे मावशींना पटलं. त्यांनी मुठी सैल केल्या. स्कूटर मंदावली आणि गवताच्या ढिगात अलगद आडवी झाली.

कुणी हसेना. मावशी उठल्या, केसांतल्या काड्या तशाच.

"आई, लागलं का?"

"तू बाजूला हो." त्या ताईकडे वळल्या. "हिला थांबवायचं किती दिवसांत शिकवशील?"

"आठ."

"शिकव. आणि लग्नानंतरही शिकवणी बंद करशील तर खबरदार. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया मीच आणते."

तोवर ताईने स्कूटर उभी केली होती. धाकटीने सीटवरचं गवत झटकलं, मागे चढून बसली आणि पुढची रिकामी जागा थोपटत मावशींना हाक मारली.